गॅसच्या टँकरवर काय लिहायचं, कुठं लिहायचं आणि का

परवा पारोळ्याच्या अलीकडं एका ढाब्यावर चहाला थांबलो होतो, तिथं एरंडोलकडचा एक पोरगा भेटला. आधी रावेरहून केळीची गाडी दिल्लीला न्यायचा, आता पहिल्यांदाच गॅसच्या कॅप्सूलवर, म्हणजे टँकरवर, बसलाय. मला म्हणे, "आबा, मागं त्या चौकोनात १०७५ लिहेल आहे, तो काय कंपनीचा गाडी नंबर आहे का?" सुरतकडून जळगावला तीन फेऱ्या झाल्या होत्या त्याच्या, आणि तो आकडा काय आहे हे ना मालकानं सांगितलं ना लोडिंगवाल्यानं. पोराची चूक नाही, त्यानं विचारलं तरी, बाकीचे विचारत पण नाहीत. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय, नवीन ड्रायव्हर, किन्नर म्हणजे गाडीवरचा क्लीनर, पहिली गाडी घेणारा मालक आणि टँकरचं काम हातात घेणारा पेंटर किंवा रेडियमवाला, सगळ्यांसाठी.

आधी हे डोळ्यासमोर आणा. रात्रीचे दोन वाजलेत, कोंडाईबारी घाटात गाडी पलटी झाली, ड्रायव्हर बेशुद्ध, केबिन चेपलं, कागद केबिनमधेच अडकले. पहिला कोण येणार? मागच्या ट्रकचा ड्रायव्हर, नाहीतर बाजूच्या पाड्यावरचा कुणीतरी, मग पोलीस, मग बऱ्याच वेळानं लांबून बंब. ह्या सगळ्यांना टाकीत काय आहे ते सांगणारं तिथं दुसरं कुणीच नाही, फक्त टाकीवरची पाटी आहे. एलपीजी असेल तर ठिणगी आणि आग लांब ठेवायची, गॅस हवेपेक्षा जड, तो खाली नाल्यात, चारीत उतरून लांबवर जातो. अमोनिया असेल तर पाण्याच्या बारीक फवाऱ्यानं त्याचा ढग दाबता येतो. आणि क्लोरीन असेल तर जिथून गळतंय तिथंच पाणी मारलं तर धातू अजून खाल्ला जातो आणि भोक मोठं होतं. बाहेरून टाक्या सारख्याच दिसतात, गोल, लांब, पांढऱ्या, आणि करायचं काम तिघांचं वेगवेगळं. २० डिसेंबर २०२४ ला जयपूर-अजमेर हायवेवर भांक्रोट्याजवळ एलपीजीचा टँकर वळण घेत असताना ट्रकनं ठोकला, गॅस बाहेर पडून पसरला आणि पेटला, लाइनीतल्या कितीतरी गाड्या जळाल्या, डझनावर माणसं गेली. पाटीनं अपघात थांबत नाही हे मला पण कळतं, पण त्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटात कोण कुठल्या बाजूला पळणार ते बऱ्याचदा पाटीवर ठरतं.

पहिलं काम: आत नेमकं काय आहे ते माहीत करून घ्या

बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, नुसतं "गॅस" लिहेल असेल तर गाडी हलवू नका. माल पाठवणाऱ्यानं मालाचं बरोबर तांत्रिक नाव आणि सगळी माहिती ट्रान्सपोर्टरला द्यायची, ही त्याची जबाबदारी आहे, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधे ते लिहेल आहे, आणि ट्रान्सपोर्टरनं ती माहिती ड्रायव्हरला समजेल अशी सांगायची हे पण त्याच नियमात आहे. नाव मिळालं की त्याच्यासोबत चार आकडी यूएन नंबर (संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला) येतो, तो जगभर एकच असतो, म्हणजे हजिऱ्यात जो १०७५ तोच भुसावळात आणि तोच परदेशात. आपल्या रस्त्यावर नेहमी दिसणारे हे, पाठ करून ठेवा:

एलपीजी १०७५
प्रोपेन १९७८, ब्युटेन १०११
सीएनजी १९७१, थंड केलेला द्रव एलएनजी १९७२
अमोनिया १००५
क्लोरीन १०१७
द्रव ऑक्सिजन १०७३
द्रव नायट्रोजन १९७७
द्रव कार्बन डायऑक्साइड २१८७

पेट्रोल १२०३ आणि डिझेल १२०२ हे गॅस नाहीत पण मनमाडकडून येणाऱ्या टँकरवर दिसतील म्हणून सांगून ठेवतो, नाहीतर घोळ होतो.

ऑक्सिजनचे पण दोन नंबर आहेत, सिलिंडरमधला दाबाखालचा असेल तर १०७२ आणि टँकरमधला थंडगार द्रव असेल तर १०७३. नवा माणूस हमखास इथं चुकतो, आणि एका आकड्याचा फरक म्हणून सोडून देतो. सोडू नका, दाबाखालचा वायू आणि उणे १८३ डिग्रीचा द्रव ह्या दोन गोष्टी हाताळायच्या पद्धती वेगळ्या आहेत.

दुसरं: पाटी, म्हणजे इमर्जन्सी इन्फर्मेशन पॅनेल

वर सांगितलेल्या १९८९ च्या नियमांमधल्या नियम १३४ प्रमाणे ही पाटी तीन जागी लागते, डावी बाजू, उजवी बाजू आणि मागं. दोन नाही, तीन. मी बऱ्याच गाड्या बघितल्यात ज्यांच्यावर मागं झकास पाटी आणि बाजूला नुसतं कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात. गाडी मागच्या बाजूनं खड्ड्यात गेली किंवा दुसऱ्या गाडीला चिकटली की ती मागची पाटी कोण वाचणार?

पाटीवर काय काय पाहिजे ते असं. वर मालाचं बरोबर तांत्रिक नाव, अक्षर कमीतकमी ५० मिलीमीटर उंच. मग यूएनचा नंबर, तो १०० मिलीमीटरपेक्षा लहान नको, म्हणजे साधारण तुमच्या तळहाताच्या रुंदीएवढा एक आकडा. मग वर्गाचं चिन्ह, तो कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन, डायमंड म्हणतात सगळे, तो २५० मिलीमीटर चौरसापेक्षा लहान नको. आणि खाली आग किंवा अपघात झाला तर कुणाला फोन करायचा त्याचं नाव आणि नंबर, सोबत माल पाठवणाऱ्याचा किंवा ज्याला ह्या गॅसची खरी माहिती आहे अशा माणसाचा नंबर, हे पण ५० मिलीमीटरपेक्षा लहान नको. पेंटरला "जरा मोठं लिही" असं सांगू नका, फुटपट्टी घेऊन जा आणि माप द्या. आणि काम झाल्यावर परत मोजा, कारण जागा कमी पडली की पेंटर शेवटचे शब्द दाबून बारीक करतो, आणि शेवटचा शब्द नेमका फोन नंबर असतो.

भाषेबद्दल माझं मत सांगतो. इंग्रजीत नाव पाहिजेच, पण आपल्या भागात गाडी चालत असेल तर मराठीत पण लिहा, "ज्वलनशील गॅस, आग जवळ आणू नका" एवढं तरी मोठ्या अक्षरात. पाड्यावरच्या माणसाला डायमंडमधली ज्वाळा दिसते, पण वाचून जे कळतं ते वेगळं. रंगाचा खर्च काहीच नाही त्याला.

तिसरं: डायमंडचे रंग

गॅस म्हणजे वर्ग २, आणि त्याचे तीन प्रकार. पेट घेणारा असेल तर लाल डायमंड, त्यात ज्वाळेचं चित्र, खाली २, एलपीजी, सीएनजी, एलएनजी सगळे यात. पेट न घेणारा आणि विषारी नसलेला असेल तर हिरवा, त्यात सिलिंडरचं चित्र, नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड ह्यात. विषारी असेल तर पांढरा, त्यात कवटी, क्लोरीन आणि अमोनिया ह्यात.

हिरवा रंग बघून लोक सैल होतात, हे मला फार खटकतं. द्रव नायट्रोजन उणे १९६ डिग्रीला असतो, गळला तर आजूबाजूची हवाच ढकलून देतो, माणसाला वास नाही, जळजळ नाही, नुसता खाली बसतो आणि उठत नाही. हिरवा म्हणजे पेटणार नाही एवढंच. सेफ आहे असं नाही.

काही गॅसला एक डायमंड पुरत नाही. द्रव ऑक्सिजनला हिरव्यासोबत पिवळा ज्वलनसाहाय्यकाचा लागतो, कारण ऑक्सिजन स्वतः पेटत नाही पण तेल, ग्रीस, डांबर, अंगावरचे कपडे असं काहीही भडकवतो. अमोनियाला कवटीसोबत वर्ग ८ चा, म्हणजे चामडी जाळणाऱ्या पदार्थाचा. क्लोरीनला कवटी, पिवळा आणि ८ नंबरचा असे तिन्ही. यावल-रावेर पट्ट्यात काही कोल्ड स्टोरेजला अमोनिया लागतो, पाणीपुरवठ्याच्या प्लांटला क्लोरीनचे टनर, म्हणजे मोठे सिलिंडर, जातात, म्हणजे ही वाहतूक आपल्या गावातूनच होते, लांबची गोष्ट समजू नका.

चौथं: फोन नंबर, इथं मी जास्त वेळ घेणार आहे

काही वर्षापूर्वी धुळ्याच्या बाहेर बायपासला एक टँकर रस्त्याच्या कडेला उभा होता, वरच्या बाजूनं सूं आवाज येत होता, ड्रायव्हर डिझेलच्या कामाला गेलेला, किन्नर नवीन, घाबरलेला. मी वारा जिकडून येत होता त्या बाजूला लांब उभा राहून मोबाईलचा कॅमेरा झूम करून पाटी वाचली आणि नंबर लावला. "हा क्रमांक अस्तित्वात नाही." दुसरा नंबर लावला, तो लँडलाइन, पाच आकडी, कुठल्या जमान्यातला होता देव जाणे. शेवटी ११२ लावला. सुदैवानं वरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उन्हानं दाब वाढून थोडा सुटला होता आणि परत बसला, काही झालं नाही. पण त्या पाटीवरचे दोन्ही नंबर मेलेले होते आणि ती गाडी तशीच राज्याराज्यातून फिरत होती.

म्हणून माझा नियम असा, गाडी हातात आली की पहिल्या दिवशी पाटीवरचा प्रत्येक नंबर स्वतःच्या मोबाईलवरून लावून बघायचा. दिवसा एकदा आणि रात्री एकदा, कारण रात्री न उचलणारा नंबर टाकून काही उपयोग नाही. एसटीडी कोडसकट लिहायचा, कारण तो नंबर लावणारा माणूस दुसऱ्या जिल्ह्यातला असणार. समोरून उचलणाऱ्याला विचारा, "भाऊ, आमचा टँकर लीक झाला तर काय करायचं?" तो म्हणाला, "सायबाला विचारून सांगतो," तर मालकाला सांगून नंबर बदलून घ्या. ज्याला विचारून कळतं त्याचाच नंबर पाटीवर पाहिजे. एलपीजीसाठी १९०६ ही सगळ्या कंपन्यांची लीकेजची हेल्पलाइन आहे, ती घरच्या सिलिंडरवाल्यांना पण माहीत पाहिजे, पण टँकरवर तेवढ्यानं भागत नाही, माल पाठवणाऱ्याचा स्वतःचा नंबर लागतोच.

पाचवं: तो विचित्र कोड

बहुतेक पाट्यांवर वरच्या डब्यात "२ वाय ई" किंवा "२ आर ई" असं काहीतरी दिसेल, त्याला हॅझकेम कोड म्हणतात. तो बंबवाल्यांसाठी आहे पण ड्रायव्हरला पण कळलेला बरा. पहिला आकडा काय मारायचं ते सांगतो: १ म्हणजे पाण्याची जाड धार, २ म्हणजे पाण्याचा बारीक फवारा, ३ म्हणजे फेस, ४ म्हणजे कोरडी पावडर. मधलं अक्षर सांगतं की अंगावर काय घालायचं, आणि सांडलेलं पाण्यानं पातळ करून वाहू द्यायचं का अडवून ठेवायचं, गटारात जाऊ द्यायचं नाही. आणि शेवटी ई असला तर आजूबाजूची माणसं हलवायचा विचार करा. एलपीजीचा २ वाय ई, अमोनियाचा २ आर ई, क्लोरीनचा २ एक्स ई, ह्यातला ई सगळ्यात आधी बघायचा. तो दिसला की बघ्यांची गर्दी जवळ येऊ द्यायची नाही, व्हिडिओ काढायला तर अजिबात नाही.

सहावं: खान्देशच्या उन्हात पाटी टिकवणं

हे कुठल्या नियमात सापडणार नाही पण आमच्या इथं हाच खरा प्रश्न आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ च्या पुढं जातो, टाकीचा पत्रा तर हात लावू देत नाही. स्वस्त व्हिनाइल स्टिकर एका उन्हाळ्यात कडेनं उचलतं, त्याच्याखाली धूळ जाते, आणि पावसाळ्यात अर्धा डायमंड लटकतो. लाल रंग सगळ्यात आधी जातो, पहिले केशरी होतो, मग गुलाबी. गुलाबी डायमंड लांबून बघणाऱ्याला काहीच सांगत नाही. मी स्वतः पेंट करायच्या बाजूचा माणूस आहे: टाकीचा पत्रा नीट घासून, प्राइमर मारून, चांगल्या बाहेरच्या कामाच्या इनॅमलनं डायमंड आणि नंबर काढायचा. रेडियमच पाहिजे असेल तर बाहेर टिकणारं चांगलं घ्या, आणि लावताना पत्रा सकाळी थंड असताना लावा, भर दुपारी लावलेलं रेडियम फुगतं.

गाडीच्या रिफ्लेक्टर पट्ट्यांचा रंग पण पक्का आहे, पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल. काही जण मागं पण पिवळी लावतात कारण दुकानात तीच शिल्लक होती. ती चालत नाही, रात्री मागून येणाऱ्याला गाडीची कुठली बाजू दिसतेय हे रंगावरून कळतं.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्या गाड्यांवर मनुदेवी प्रसन्न, सप्तशृंगी माता, मुलांची नावं, पीकपाण्याची दोन वाक्यं असतात, असावीत, गाडी पोटापाण्याची आहे. पण पाटीच्या चौकोनात आणि त्याच्या लगत काही नको. लिंबू-मिरची टांगलेली दोरी पाटीवरून जाऊ देऊ नका, स्टेपनी, होज पाईपचा डबा, चिखलाचा पडदा ह्यांनी पाटी झाकत असेल तर जागा बदला. नियमातच आहे की पाटी आणि चिन्ह कायम स्वच्छ आणि उघडं ठेवायचं. देवीचं नाव केबिनवर पुढं लिहा, तिथं जागा भरपूर आहे.

सातवं: टाकीची स्वतःची प्लेट आणि केबिनमधले कागद

टाकीला एक धातूची प्लेट ठोकलेली असते, त्यावर बनवणाऱ्याचं नाव, कुठल्या दाबासाठी बनवली, पाण्यानं टेस्ट कधी झाली असं सगळं असतं. दाबाच्या टाक्यांचं काम पेसो (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) बघते, मुख्यालय नागपूरला, आणि २०१६ चे स्टॅटिक अँड मोबाइल प्रेशर व्हेसल्स नियम लागतात. रंगकाम करताना पेंटर ह्या प्लेटवर पण ब्रश फिरवतो, हे भयंकर होतं, अक्षरं भरून जातात आणि चेकिंगला वाचता येत नाहीत. रंग मारायच्या आधी तिच्यावर टेप चिकटवा.

केबिनमधे ट्रेमकार्ड पाहिजे, म्हणजे त्या गॅसचं इमर्जन्सी कार्ड, काय आहे, गळलं तर काय करायचं, अंगावर पडलं तर काय. ते ड्रायव्हरला वाचता आलं पाहिजे, म्हणून मराठीत किंवा हिंदीत मागा, मिळतं. जुन्या मालाचं कार्ड केबिनमधून काढून टाका, दोन कार्ड असली की घाईत चुकीचं हातात येतं. कार्ड दोन सीटमधल्या कप्प्यात ठेवा, सीटखाली गाद्यांच्या ढिगात नको. आणि लायसनवर धोकादायक मालाची नोंद पाहिजे, तीन दिवसांचं ट्रेनिंग करून मिळते, आणि रिन्यू करताना एक दिवसाचा रिफ्रेशर. साधं हेवी लायसन घेऊन गॅसवर बसू नका, पगार जास्त सांगितला तरी. एक्झॉस्टला स्पार्क अरेस्टर, म्हणजे ठिणगी अडवणारा भाग, आहे का तेही बघून घ्या.

पाटी नसली किंवा नियम मोडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड किंवा वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. हाडाखेड किंवा नवापूरला राज्याच्या हद्दीवर अडवलं तर मालक फोनवर म्हणतो, बघून घे, पण गाडीत तुम्ही असता.

आठवं: गाडी रिकामी झाली किंवा माल बदलला

"आबा, गाडी रिकामी आहे, आता पाटी कशाला?" हे रोज ऐकतो. टाकी उतरवली तरी आत वाफ शिल्लक असते, दाब शिल्लक असतो. आत हवा शिरली तर गॅस आणि हवेचं पेटणारं मिश्रण होऊ शकतं, तेव्हा रिकामी गाडी निर्धोक नाही. जोपर्यंत टाकी धुऊन, पर्ज करून (आत उरलेला गॅस बाहेर काढून), गॅसमुक्त केल्याचा कागद हातात नाही तोपर्यंत पाटी तशीच ठेवायची. वेल्डिंगला गॅरेजमधे नेताना तर खास सांगायचं, कारण वेल्डरला पाटी बघायची सवय नसते.

उलट बाजू पण तेवढीच महत्त्वाची. आत काही वेगळं भरलं आणि पाटी जुनीच राहिली तर ती नसल्यापेक्षा वाईट, कारण बंबवाला तिच्यावर विश्वास ठेवून आत जातो. २०२१ ला कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन कमी पडला तेव्हा नायट्रोजन आणि आरगॉनचे टँकर ऑक्सिजनसाठी बदलून घेतले होते, आतून साफ करावे लागले, व्हॉल्व्ह-सील बघावे लागले आणि वरची पाटी, यूएन नंबर, डायमंड सगळं बदलावं लागलं. बदलता येणारी पाटी असेल तर ती कड्यांमधे सरकवून स्क्रूनं पक्की करायची, तारेनं बांधलेली पाटी घाटात उडते. आणि बदलली की तिन्ही जागी बदलायची. मागची बदलली आणि बाजूची विसरली असं मी दोनदा पकडलंय, दोन्ही वेळेला गाडी लोड होऊन गेटवर उभी होती.

निघण्याआधीची फेरी

टायर ठोकतो तशीच ही फेरी, दोन मिनिटं. डावीकडून सुरू करा, मागून वळून उजवीकडं या. प्रत्येक पाटीसमोर तीस पावलं मागं जाऊन उभं राहा, नंबर वाचता येतो का ते बघा, येत नसेल तर ओल्या कपड्यानं पुसा, तेवढ्यासाठी केबिनमधे एक फडकं आणि पाण्याची बाटली ठेवा. डायमंडचा रंग आणि बिल्टीवरचा माल जुळतो का, ट्रेमकार्डवरचा यूएन नंबर आणि पाटीवरचा एकच आहे का, हे बोट ठेवून जुळवा, डोक्यातल्या डोक्यात नाही. संध्याकाळी निघत असाल तर एकदा मोबाईलचा टॉर्च मारून बघा, रेडियम चमकतं का.

आणि काही झालंच तर. वारा जिकडून येतोय त्या बाजूला जा, उतारावर खालच्या बाजूला थांबू नका. एलपीजीची मोठी गळती असेल तर वाऱ्याच्या दिशेनं आठशे मीटरपर्यंतची माणसं हलवायची, आणि टाकीलाच आग लागली असेल तर सगळीकडून सोळाशे मीटर, म्हणजे दीड किलोमीटरपेक्षा जास्त, लोक लांब करा. लांब गेल्यावर ११२ लावा. आधी जागा सांगा, हायवे, किलोमीटरचा दगड, जवळचं गाव. मग गॅसचं नाव. मग चार आकडे, एकेक करून: एक, शून्य, सात, पाच. समोरच्याला परत म्हणायला लावा. मग जवळच्या पोलीस ठाण्याला आणि मालकाला कळवा, ते तुमचं कायद्यानं काम आहे.

त्या एरंडोलच्या पोराला ढाब्याच्या बिलाच्या मागच्या बाजूला हे चार आकडे लिहून दिले, त्यानं मोबाईलच्या कव्हरमधे घालून ठेवले. मग आम्ही दोघं त्याच्या गाडीभोवती एक फेरी मारली. उजव्या पाटीवरचा नंबर लावून बघितला, लागला, पलीकडून माणूस बोलला. डाव्या पाटीवर शेवटचा आकडा खरवडून गेला होता, तीन आहे का आठ ते कळत नव्हतं. जळगावात उतरवून झालं की पहिले पेंटरकडं जा, असं सांगितलं आहे त्याला.